आईच्या कर्करोगाची खूण लेकीत उतरते का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगाबद्दल अलीकडे पुरवण्यांमधून आणि त्याहून जास्त व्हॉट्सॲपवरून एक विधान फिरत असते. आईने सोसलेला ताण, तिचे खाणेपिणे, तिचा आजार यांचे ठसे म्हणे जनुकांवर उमटतात आणि तेच पुढे लेकीला, नातीला कर्करोग देतात. आधाराला ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द जोडलेला असतो. ऑपरेशन होऊन केमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईला स्वतःच्या जिवापेक्षा मोठी काळजी असते ती ‘माझ्यामुळे पोरीला होईल का?’ ही. अशा बाईच्या हातात अर्धे विज्ञान देऊ नये, म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे, पण या विषयात दोन ओळींचे उत्तरच घोटाळा करते.

एपिजेनेटिक बदल म्हणजे काय, ते आधी पाहू. डीएनए ही ए, टी, सी, जी या चार अक्षरांची लांबलचक ओळ आहे. त्यातल्या सी या अक्षरावर, विशेषतः ज्या सीच्या लगेच पुढे जी येतो अशा ठिकाणी, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा एक छोटा गट चिकटतो. त्याला मिथाइल म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात अशा सी-जी जागा सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. जनुकाच्या तोंडाशी, म्हणजे जिथून त्याचे वाचन सुरू होते तिथे, हे गट दाटीने बसले की ते जनुक मुके होते. अक्षर एकही बदललेले नसते. पाट तोच, पाणीही तेच, फक्त वाफ्याचे तोंड मातीने बुजवलेले. पेशी दुभागताना एक विकर (एन्झाइम) जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर त्याच जागी मिथाइल बसवते, म्हणून शरीरातल्या शरीरात ही खूण वर्षानुवर्षे टिकते. हे खरेच आहे. गल्लत होते ती पुढच्या पायरीवर. एका शरीरात टिकणारी खूण दुसऱ्या शरीरातही तशीच जाते, असे लोक धरून चालतात.

स्तनाच्या कर्करोगात हा प्रश्न येतो तो मुख्यतः बीआरसीए-१ या जनुकामुळे. १७व्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९४ साली हाती लागले. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले तर ते बिनचूक जोडण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा. हे जनुक निकामी होण्याचे दोन रस्ते आहेत: अक्षरात चूक झाली तर, किंवा अक्षरे शाबूत असूनही तोंडाशी मिथाइल बसून ते मुके झाले तर. पेशीचे नुकसान दोन्हींत सारखेच. ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्या प्रकारच्या, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ या तिन्ही चाचण्या नकारार्थी येणाऱ्या गाठींमध्ये हा दुसरा रस्ता पुष्कळदा दिसतो. भारतात स्तनाच्या कर्करोगांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक ट्रिपल निगेटिव्ह असतात, पाश्चात्त्य देशांपेक्षा हे प्रमाण जास्त, म्हणून आपल्याला या प्रश्नात डोके घालणे भाग आहे.

‘बीआरसीए-१ मिथाइलेशन सापडले’ हे एकच वाक्य तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट, खूण फक्त गाठीत असणे. स्तनाच्या एखाद्या पेशीत वयाच्या चाळिशीत किंवा पन्नाशीत ती बसली आणि त्या पेशीच्या वंशाची गाठ झाली. ही खूण लेकीकडे जायला वाटच नाही. बाईच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेल्या असतात. स्तनातल्या पेशीत नंतर काय झाले याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि बहुतेक घरांत गाठ कळते तेव्हा लेक कधीच जन्मून मोठी झालेली असते.

दुसरी गोष्ट, खूण रक्तातही सापडणे, पण थोड्याच पेशींत. तिसरी, खूण अंगभर असणे आणि मोजली तर जवळपास ५० टक्के भरणे, म्हणजे प्रत्येक पेशीतल्या दोन प्रतींपैकी एक पूर्ण मुकी. आनुवंशिकतेचा प्रश्न विचारायचा तो या तिसऱ्या प्रकाराबद्दल. रिपोर्टवर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिले असेल आणि टक्केवारी नसेल तर त्या रिपोर्टवरून काहीही ठरवता येत नाही.

खुणा पुढच्या पिढीत का जात नाहीत, यामागे शरीराची पक्की व्यवस्था आहे. ती दोनदा सगळी पाटी पुसते. पहिली पुसणी गर्भधारणेनंतर लगेच. बापाकडून आलेल्या डीएनएवरचे मिथाइल काही तासांतच झपाट्याने उतरते, आईकडच्या डीएनएवरचे पेशीविभाजनांबरोबर कमी होत जाते, आणि पाच-सहा दिवसांचा गर्भ गर्भाशयात रुजायच्या बेताला येतो तेव्हा खुणा सर्वांत कमी असतात. रुजल्यानंतर त्या नव्याने मांडल्या जातात. दुसरी पुसणी त्या गर्भातल्याच, पुढे अंडपेशी किंवा शुक्रपेशी होणार असलेल्या मोजक्या पेशींत होते. मानवी गर्भांवरचे अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दहाव्या-अकराव्या आठवड्यापर्यंत या पेशींतले मिथाइलचे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आलेले दिसले. इतर पेशींत ते ७०-८० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे आजीची खूण नातीपर्यंत जायची तर तिला या पुसण्यांतून एकदा नव्हे, पिढीगणिक दोन-दोनदा निभावून जावे लागेल.

काही जागा यातून सुटतात, हेही सांगायलाच हवे. शंभरेक जनुके अशी आहेत की ती आईकडून आली की बापाकडून, याची खूण पहिल्या पुसणीत राखून ठेवली जाते. पण दुसऱ्या पुसणीत तीही जाते आणि मूल मुलगा आहे की मुलगी त्याप्रमाणे नव्याने बसते. बीआरसीए-१ या यादीत नाही.

मग काही घराण्यांत बीआरसीए-१ची खूण आईत, लेकीत, मावशीत सारखीच सापडते, ती कशी? याचे उत्तर इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गटाने २०१८ साली दिले. स्तनाचा किंवा बीजकोशाचा (ओव्हरीचा) कर्करोग पिढ्यान् पिढ्या असलेली, पण नेहमीच्या तपासणीत बीआरसीएचा दोष न सापडलेली ४९ कुटुंबे त्यांनी घेतली. त्यांतल्या एकमेकांशी नाते नसलेल्या दोन कुटुंबांत रक्तातले बीआरसीए-१ सुमारे निम्मे मुके निघाले. खोलात गेल्यावर दिसले की प्रथिनाची कृती जिथून सुरू होते त्याच्या १०७ अक्षरे आधी, एका ठिकाणी ए ऐवजी टी आहे. ज्या प्रतीवर हा टी, तीच प्रत मुकी. कुटुंबात ज्यांना टी मिळाला त्यांच्यात खूण आहे, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. त्या घराण्यात वारसा चालत आला तो एका अक्षराचा. खूण दर पिढीत पुसली जात होती आणि ते अक्षर दर पिढीत ती पुन्हा बसवून घेत होते. वरवर पाहणाऱ्याला वाटते, खूणच उतरली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हाच प्रकार त्याआधी, २००९ मध्ये, उघड झाला होता. तिथे ईपीसीएएम नावाच्या जनुकाचे शेपूट गळालेले असते, त्यामुळे वाचन न थांबता शेजारच्या एमएसएच-२ या जनुकात घुसते आणि त्याचे तोंड मिथाइलने बंद होते. तिथेही गळालेले शेपूट वारशाने येते, मिथाइल त्याच्या मागोमाग.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेली खूण आपल्या बळावर एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नियमाने जाते, असे माणसात दाखवता आलेले नाही. जिथे ती गेल्यासारखी दिसली आणि कारणाचा छडा लागला, तिथे मुळाशी अक्षरच निघाले. म्हणून घराण्यात कर्करोग असेल तर अक्षरांची तपासणी धड करून घ्यावी.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, थोड्या पेशींतल्या खुणेकडे. हा भाग सर्वांत नवा आहे आणि बाजारात सर्वांत जास्त वाकवला जातो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ साली बीजकोशाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त तपासले. निरोगी स्त्रियांत शंभरात चारेक जणींच्या पांढऱ्या पेशींत बीआरसीए-१ची खूण होती. हाय-ग्रेड सीरस या आक्रमक प्रकाराच्या रुग्णांत शंभरात नऊ-दहा जणींत. पुढे अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या पाहणीत १९९०च्या दशकात साठवलेले रक्त त्यांनी तपासले, म्हणजे कर्करोग व्हायच्या कितीतरी आधीचे. २०२२ साली निष्कर्ष आला: ही खूण असलेल्या स्त्रियांत ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगाचा धोका सुमारे २.३५ पट, हाय-ग्रेड सीरस कर्करोगाचा सुमारे १.९ पट.

आकडे गंभीर आहेत, कुणी दुर्लक्ष करू नये. पण ही खूण आली कुठून? ती नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातही सापडते आणि वेगवेगळ्या थरांपासून बनलेल्या ऊतींत सापडते, म्हणून ती गर्भ घडतानाच अगदी सुरुवातीच्या एखाद्या पेशीत बसत असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. जन्मजात आहे, पण म्हणून आनुवंशिक आहे असे नाही. या दोन शब्दांत मराठीत आपण नेहमी घोटाळा करतो. दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू जन्मजात असते, पण प्रत्येक वेळी ती आई-बापाकडूनच आलेली असते असे कुणी म्हणत नाही. इथेही तसेच. आणि धोका दुपटीहून थोडा जास्त असला तरी खूण असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना हा कर्करोग कधीच होत नाही. शेजारी ठेवून पाहण्याजोगा आकडा हा: बीआरसीए-१च्या अक्षरात घातक दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ७२ टक्के, त्याच्या जोडीचे दुसरे जनुक बीआरसीए-२, त्यात दोष असेल तर सुमारे ६९ टक्के, बीजकोशाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के.

ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा हवाला या संदर्भात वारंवार दिला जातो, तोही नीट वाचायला हवा. २०१८ साली मेलबर्नच्या गटाने स्तनाचा कर्करोग अनेकांना झालेली २५ कुटुंबे आणि त्यांतल्या २१० व्यक्तींचे रक्त घेऊन, कुटुंबात वारशासारख्या चालणाऱ्या खुणा शोधल्या. कर्करोगाशी संबंध दिसणाऱ्या २४ जागा निघाल्या. त्यांतली एक व्हीटीआरएनए-२-१ या जनुकाची. आता गंमत पाहा, हीच जागा २०१५ साली आफ्रिकेतल्या गॅम्बियात दुसऱ्याच कारणाने चर्चेत आली होती. तिथे पावसाळा आणि कोरडा हंगाम यांत आहार फार वेगळा असतो, आणि गर्भ कोणत्या हंगामात राहिला त्यानुसार या जागेवरची खूण कमी-जास्त दिसली. म्हणजे ‘वारशासारखी’ दिसणारी जागा गर्भधारणेच्या वेळच्या परिस्थितीलाही प्रतिसाद देणारी आहे. एकाच घरात एकाच चुलीवर जेवणाऱ्यांमध्ये अशी खूण सारखी दिसली तर ती रक्तातून आली की ताटातून, हे नुसत्या कुटुंबाच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. मेलबर्नचे काम चांगले आहे. त्यावरून ‘सिद्ध झाले’ म्हणणे चूक आहे.

याच्या उलट बाजूचा अभ्यास मात्र कुणी सांगत नाही. २०१९ साली चार दीर्घकालीन पाहण्यांतली माहिती एकत्र केली गेली. पुढे स्तनाचा कर्करोग झालेल्या १,६६३ आणि न झालेल्या १,८८५ स्त्रियांचे आधीच घेतलेले रक्त. लाखो जागा तपासल्या. धोक्याशी खात्रीने जोडता येईल अशी एकही जागा निघाली नाही. अशा तपासणीत किती सावध राहावे लागते ते आकड्यांतच पाहा. मेलबर्नच्या अभ्यासात वापरलेली चिप, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागा एकदम तपासणारी पट्टी, साडेचार लाखांवर जागा मोजते. २ कोटी ८० लाखांच्या मानाने ते २ टक्केही नाहीत. पण इतक्या जागा एकदम तपासताना नेहमीची शंभरात पाच चुकांची मुभा दिली, तर बावीस हजारांहून जास्त जागा निव्वळ योगायोगाने ‘संबंधित’ ठरतील. म्हणून इथे कसोटी कोटीत एकाची लावतात.

प्रयोगशाळेत काय चुकते, हे एकदा जवळून पाहावे. मिथाइल शोधायला डीएनए सोडियम बायसल्फाइटमध्ये ठेवतात. मिथाइल नसलेला सी बदलतो आणि पुढे टी म्हणून वाचला जातो. मिथाइल असलेला सी तसाच राहतो. उरलेले सी मोजले की झाले. पण ही क्रिया १०० टक्के पूर्ण कधीच होत नाही. १ टक्का साधे सी न बदलता राहिले तर ते मिथाइल म्हणून मोजले जातात, आणि आपण शोधत असतो तीच खूण १ टक्का पेशींतली असेल तर खरे-खोटे वेगळे करणार कसे? म्हणून चांगली लॅब ज्या सीच्या पुढे जी नाही असे सी तपासून रूपांतर किती झाले ते आधी मोजते आणि रिपोर्टमध्ये लिहिते. शिवाय या रसायनात डीएनएचे तुकडे पडतात, बराचसा वाया जातो, आणि उरलेल्याच्या प्रती काढताना मिथाइल असलेले आणि नसलेले धागे सारख्या वेगाने वाढत नाहीत.

सगळ्यांत मोठी अडचण रक्ताचीच. पांढऱ्या पेशी एका जातीच्या नसतात. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या खुणा मुळातच वेगळ्या, आणि ताप, स्टेरॉइड, केमो यांनी त्यांचे प्रमाण आठवड्यात बदलते. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर घेतलेले रक्त आणि निरोगी बाईचे रक्त शेजारी ठेवून फरक दाखवला, तर तो फरक बहुधा पेशींच्या मिसळीचा असतो. जी जाहिरात ‘एपिजेनेटिक चाचणीने कर्करोगाचा धोका ओळखा’ म्हणते, तिला विचारावे: पेशींचे प्रमाण कसे दुरुस्त केले? रूपांतर किती टक्के झाले? खूण किती टक्के प्रतींवर मिळाली? उत्तर आले नाही तर पैसे देऊ नयेत. आजच्या घडीला निरोगी स्त्रीचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठरवण्यासाठी रक्तातले मिथाइलेशन तपासा, अशी शिफारस उपचारांच्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांत नाही.

गर्भात असताना बाळावर परिणाम होतो, हे मात्र खरे आहे, आणि त्यामुळेच ‘वारसा’ हा शब्द इथे फसवतो. अमेरिकेत १९४० ते १९७१ या काळात गर्भपात टाळण्यासाठी डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भवतींना दिले जात असे. त्यांच्या मुलींमध्ये चाळिशीनंतर स्तनाचा कर्करोग जास्त दिसला. २०११च्या अहवालात पंचावन्नाव्या वर्षापर्यंत ३.९ टक्के, हे औषध न मिळालेल्यांच्या मुलींत २.२ टक्के. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ दरम्यान गर्भवतींचे रक्त साठवले होते. ज्यांच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वाधिक होता त्यांच्या मुलींना पन्नाशीच्या आसपासपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ चौपट, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या देशात शेतीत बंदी आल्यानंतरही हिवताप आणि काळा आजार यांच्या नियंत्रणासाठी डीडीटी फवारले जात राहिले, त्या देशात या निष्कर्षावर याहून कितीतरी जास्त चर्चा व्हायला हवी होती.

पण यात वारसा कुठे आहे? गर्भवतीच्या अंगात विष गेले तर ते एकाच वेळी तिघींना लागते: आईला, पोटातल्या मुलीला, आणि त्या मुलीच्या अंगात तयार होत असलेल्या अंडपेशींना, म्हणजे होणाऱ्या नातीला. तिघींना थेट संपर्क. त्यामुळे परिणाम नातीत दिसला तरी तो खुणेचा वारसा ठरत नाही. थेट संपर्क न आलेली पहिली पिढी पणतीची, तिथे परिणाम दिसला तरच तसे म्हणता येईल. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांवर (रॅट) असा प्रयोग २०१२ साली झाला आणि गाभण असताना कृत्रिम इस्ट्रोजेन दिलेल्या माद्यांच्या पणतींपर्यंत स्तनग्रंथींच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. चरबीयुक्त खाद्याचा परिणाम मात्र नातींपर्यंतच. पिंजऱ्यात चार पिढ्यांचे खाद्य ग्रॅममध्ये मोजता येते. माणसाच्या चार पिढ्या म्हणजे शंभर वर्षे, आणि मधे बदललेला आहार, घर, पाळीचे वय, पहिल्या बाळंतपणाचे वय, अंगावर पाजण्याचा काळ. यातली प्रत्येक गोष्ट स्तनाच्या कर्करोगाचा धोका आपापल्या परीने बदलते.

म्हणून गर्भसंस्काराच्या वर्गांतून ‘बाळाचा डीएनए बदला, पुढच्या सात पिढ्यांचा कर्करोग टाळा’ असे सांगितले जाते, ते थांबायला हवे. गर्भवतीने शांत राहावे, गाणे ऐकावे, चांगले वाचावे, त्यात वाईट काहीच नाही. पण कर्करोग टाळण्याचे आश्वासन देणे म्हणजे उद्या तिच्या मुलीला गाठ आली तर दोष आधीच आईच्या पदरात बांधून ठेवणे आहे. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या मज्जारज्जूचे दोष बऱ्याच अंशी टळतात, याला भक्कम पुरावा आहे. तेवढे सांगा, आणि तेवढ्यावर थांबा.

आता तपासणीचे. स्तनाच्या कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहाच आनुवंशिक असतात. ते ओळखायची चिन्हे अशी: पन्नाशीच्या आत झालेला कर्करोग, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, दोन्ही बाजूंना झालेला, कुटुंबात बीजकोशाचा कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेला. ‘एकाच बाजूच्या’ म्हणताना वडिलांची बाजू विसरू नका. ‘आईला नाही, मावशीला नाही’ म्हणून घरोघरी विषय संपवला जातो, आणि आत्या व वडिलांची आई यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही. दोष बापाकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच आहे, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. मामेबहीण-आतेभाऊ असे लग्न ज्या घरांत होते, तिथे दोघांकडेही बीआरसीए-२चा दोष असेल तर मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो, हेही समुपदेशात यायला हवे.

तपासणी आधी रुग्णाची करावी, निरोगी लेकीची नव्हे. घराण्यातला दोष कोणता हेच ठाऊक नसताना लेकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यातून काहीच कळत नाही. दोष आहे आणि तिला मिळाला नाही, की दोष दुसऱ्याच जनुकात आहे जो तपासलाच नाही? रुग्णात दोष सापडला की मग बाकीच्यांना तेवढी एकच जागा पाहायची असते, खर्चही फार कमी होतो. जांभळ्या बुचाच्या नळीत तीन ते पाच मिलिलिटर रक्त पुरते. लाळ देणार असाल तर अर्धा तास आधी काही खाऊपिऊ नये. बोनमॅरो प्रत्यारोपण झालेले असेल तर रक्तात दात्याचा डीएनए असतो, तेव्हा त्वचेचा तुकडा द्यावा लागतो, आणि हे लॅबला आपणच सांगावे लागते.

लॅबला लेखी विचारायचे ते असे. बीआरसीए-१, बीआरसीए-२ यांच्यासोबत पीएएलबी-२, टीपी-५३, एटीएम, सीएचईके-२ आणि बीजकोशासाठी आरएडी-५१सी, आरएडी-५१डी, बीआरआयपी-१ ही जनुके पॅनेलमध्ये, म्हणजे एकदम तपासल्या जाणाऱ्या जनुकांच्या संचात, आहेत का? जनुकाचा अख्खा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर ते पकडले जाते का? नुसते अक्षरवाचन अशा गळतीला हमखास चुकते. आणि वर सांगितलेली मँचेस्टरची जागा, प्रथिनाच्या सुरुवातीआधी १०७व्या अक्षराची, वाचली जाते का? बहुतेक पॅनेल जनुकाचे प्रथिन बनवणारे भाग आणि त्यांच्या कडेची दहा-वीस अक्षरेच वाचतात, त्यामुळे ती जागा बाहेर राहते. ज्या कुटुंबात कर्करोगाची ओळ स्पष्ट आहे आणि रिपोर्ट दोनदा निगेटिव्ह आला आहे, त्यांनी ही जागा मुद्दाम तपासून घ्यावी. बीआरसीए-१चे मिथाइलेशन रक्तात मोजण्याला खरा अर्थ आहे तो इथे.

रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्यावरून ऑपरेशन करू नये, नातेवाइकांचीही तपासणी करू नये. भारतीय माहिती जगाच्या साठ्यात कमी असल्याने आपल्याकडे असे शेरे जास्त येतात. दोन-एक वर्षांनी लॅबला तोच निकाल पुन्हा तपासायला सांगावे. दोष निश्चित असेल तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी, आणि मुले झाल्यावर बीआरसीए-१साठी ३५ ते ४०, बीआरसीए-२साठी ४० ते ४५ या वयात बीजकोश व नलिका काढण्याचा विचार, असा ठरलेला मार्ग आहे. अक्षरातला दोष असलेल्या निवडक रुग्णांना ओलापॅरिब या औषधाचा फायदा होतो. रक्तातली मिथाइलची खूण दाखवून ते औषध आज मिळत नाही.

आणि ज्यांच्या घरात असे काहीच नाही, त्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणींसाठी मुंबईतच मोठे काम झालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी घेतली. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले, अशा चार फेऱ्या. २०२१ साली वीस वर्षांचा निष्कर्ष आला: पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे. ना चिप, ना बायसल्फाइट. देशात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू होते असा अंदाज आहे. एपिजेनेटिक पॅकेजवर जाणारा पैसा आणि वृत्तपत्रांतली जागा, दोन्ही या हातांकडे वळावीत असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी नेमकी वेळेला आठवत नाही. ज्या घरात रुग्ण आता हयात नाही, तिथेही वाट बंद नसते. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो. त्यातला डीएनए तुटका असतो, गळालेले मोठे तुकडे त्यातून नीट कळत नाहीत, आणि दोष सापडला तर तो फक्त गाठीतला की जन्मापासूनचा हे एखाद्या नातेवाइकाच्या रक्तावरून ताडून पाहावे लागते. तरीही शोध सुरू करायला तो पुरतो. ब्लॉक कायमचे ठेवले जात नाहीत. बायोप्सीच्या रिपोर्टवर त्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक, रुग्णालयाचे नाव आणि ऑपरेशनची तारीख आजच वहीत उतरवून घ्यावी, आणि ब्लॉकसाठी जवळच्या नातेवाइकाने लेखी अर्ज द्यावा.

कळावे.

आपला विश्वासू,
एक जनुकीय समुपदेशक, पुणे